ही म्हैस कितव्या अध्यायात बसते?

तुझा मेल तीनदा वाचला. प्रबंधाचे चार अध्याय प्राण्यांच्या अधिवासाचे, पाचवा ‘स्थानिक समाज’. मार्गदर्शक तो गाळायला सांगतात, तर काय करू, असं विचारतेस. गाळ. शेपटासारखा चिकटवलेला अध्याय तसाही कोणी वाचत नाही. माणसं पहिल्या दिवसापासून हवीत, कॅमेऱ्याची जागा ठरवतानाच.

राजस्थानातलं भरतपूर, पाणपक्ष्यांचं, तुला पाठ असेल. १९८२ मध्ये तिथं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींची चराई बंद झाली. पुढे पाणथळीत पास्पालम गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांना उघडं पाणी मिळेना. ते गवत म्हशी खात होत्या! बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) दीर्घ अभ्यासाचा कौल शेवटी म्हशींच्याच बाजूने गेला. आता सांग, ही म्हैस तुझ्या कितव्या अध्यायात बसते?

माझंच घे. ओढ्याकाठी मी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले होते. पंजांचे ठसे भरपूर, जागा उत्तम. आठवड्याभरात दोन कॅमेऱ्यांतली कार्डं गायब, तिसऱ्याच्या भिंगावर शेण थापलेलं. मी लोखंडी पेट्या बसवल्या आणि अहवालात लिहिलं, ‘स्थानिकांचा असहकार’. अकरा वर्षांनी, तेव्हा माझ्याबरोबर हिंडलेल्या वनमजुराच्या आईने हसत हसत सांगितलं, ‘बायका तिथंच अंघोळीला जायच्या, साहेब.’ ते दोन शब्द अजून त्या अहवालात आहेत.

आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं, हे खरं. प्राणी मोजायला पाठवलं होतं, मोजले. माझी गणना आजही चुकीची ठरलेली नाही. पण विचारायला काय कोणाची परवानगी लागत होती?

म्हणून पुन्हा तेच: पहिल्या दिवसापासून. आणि ‘बिबट्याबद्दल तुमचं मत १ ते ५ मध्ये सांगा’ असली प्रश्नावली घेऊन दारोदार फिरू नकोस बाई. लोक ३ वर खूण करतात आणि तुला वाटेला लावतात. गुरं कुठल्या महिन्यात कुठे जातात, कोण नेतं, पंचायतीत कोण बोलतं, कोणाला बोलू देत नाहीत, हे बघ. नकाशावर तुझ्या कॅमेऱ्यांच्या चौकटींच्या ग्रिडशेजारीच ते काढ. मार्गदर्शक ‘हे सायन्स नाही’ म्हणाले, तर त्यांना तो नकाशा दाखव, वाद घालू नकोस. माझा निम्मा जन्म वाद घालण्यात गेला.

कॅमेरे अजून खोक्यातच आहेत ना? राहू देत. सोमवारी गुराख्यांबरोबर जा, वही न घेता. संध्याकाळी फोन कर.