तालुक्याच्या गावात मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळतात का, की रुग्णाला थेट येरवड्याला न्यावं लागतं?

थेट येरवड्याला नेऊ नका. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं ही शेवटची पायरी. आधी जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग गाठा. कर्नाटकातल्या बल्लारीत झालेल्या प्रयोगावरून 1996 साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तो जिल्हा रुग्णालयातूनच चालतो. त्याचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत येऊन रुग्ण तपासतं. तो वार कोणता, हे आशाताईंना किंवा केसपेपरच्या खिडकीवर विचारा. कागदावर सोय असते, पण डॉक्टरांची जागा रिकामी असली की वार हुकतो. म्हणून निघण्याआधी फोन केलेला बरा. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर 14416 वर टेलि-मानस ही सरकारी फोन सल्लासेवा आहे, मोफत आणि मराठीतही.

खरी ओढाताण पुढे होते. औषध आरोग्य खात्याकडे, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन आणि तपासणी पुन्हा जिल्हा रुग्णालयात, पेन्शन तहसील कार्यालयात. ही खाती आपसात बोलत नाहीत, फाईल आपणच फिरवायची! त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचे सगळे केसपेपर एकाच पिशवीत ठेवा, प्रमाणपत्राच्या वेळी जुन्या उपचारांची नोंद मागतात.

रुग्ण घर सोडून भटकत असेल तर पोलिसांकडे जायला कचरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आजारी वाटणाऱ्या माणसाला कोठडीत टाकता येत नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. पोलीस ठाण्यात हा कायदा माहीत असेलच असं नाही, तेव्हा कलम 100 लक्षात ठेवा.