स्टेबल, टेस्टिंग की सिड? डेबियन वापरणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : ऑफिसच्या संगणकावर डेबियन १२ आहे. अपडेट सतत येतात, पण लिबरऑफिस (पत्रं, तक्ते करायचा प्रोग्रॅम) ७.४ वरच अडकलंय. मग हे अपडेट करतात तरी काय?

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत संगणकप्रणाली. तिच्या तीन शाखा : 'सिड'मध्ये नवं सगळ्यात आधी येतं, मग ते 'टेस्टिंग'मध्ये जातं, आणि १२, १३ अशा आकड्यांनी जाहीर होते ती 'स्टेबल'. 'स्टेबल' म्हणजे 'न कोसळणारं' असं आपण समजतो. डेबियनच्या बोलीत त्याचा अर्थ 'न बदलणारं'. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हाची आवृत्तीच शेवटपर्यंत राहते. सुरक्षेतलं भोक सापडलं की तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवतात. पॅकेजच्या (डेबियनने बांधून दिलेल्या प्रोग्रॅमच्या) आवृत्तीचं शेपूट बघा : 'डेब१२यू' आणि पुढे एखादा आकडा दिसेल. यू म्हणजे अपडेट, आणि दर ठिगळागणिक तो आकडा वाढतो. म्हणूनच सकाळी मशीन सुरू केल्यावर मेनू आणि मॅक्रो कालच्यासारखेच असतात. फायरफॉक्स मात्र अपवाद आहे. त्याची ईएसआर (लांब मुदतीची) आवृत्ती स्टेबलमध्येही पुढे सरकते, कारण एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमला ठिगळं लावत बसणं कुणाला झेपत नाही.

ठिगळांतही धोका असतोच. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच एक बदल केला. त्यामुळे गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि ते २००८ च्या मे महिन्यात उघडकीला आलं. लिबरऑफिस नवं हवंच असेल तर डेबियन १३ वर जा, तिथे २५.२ आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. स्टेबल फार जुनं, सिडची भीती वाटते. मग मधलं टेस्टिंग सगळ्यात सुरक्षित ना?

मधलं म्हणजे सुरक्षित असं वाटणं साहजिक आहे, पण इथे गणित उलटं आहे. नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं. मग साधारण पाच दिवस (निकडीप्रमाणे दोन किंवा दहा) थांबतं. नवा गंभीर दोष निघाला नाही आणि इतर पॅकेजं मोडली नाहीत, तरच ते टेस्टिंगमध्ये जातं. म्हणजे जशी चूक उशिरा येते तशी दुरुस्तीही उशिरा येते. एखाद्या लायब्ररीची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) मोठी अदलाबदल चालू असली तर सुरक्षेची दुरुस्तीसुद्धा तिच्यामागे रांगेत अडकते. स्टेबलसाठी सुरक्षेची वेगळी टीम आहे, टेस्टिंगला तेवढं लक्ष मिळत नाही.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण याच संदर्भात बघण्यासारखं आहे. फायली आवळणाऱ्या या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. तो सिडमध्ये आला, टेस्टिंगपर्यंतही पोचला. स्टेबलमध्ये जुनी ५.४.१ होती, ती वाचली. पण सापडला कसा? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड सिडच्या मशीनवर चाचणी घेत होते. एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर दुरून शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं, आणि त्यांनी धागा सोडला नाही. स्टेबलवाल्यांची झोप शाबूत राहिली ती सिड वापरणाऱ्या अशा लोकांमुळे. म्हणून तुला सल्ला : शिकायचं असेल तर सरळ सिड घे, बॅकअप ठेव आणि दोष सापडला की कळव. प्रोजेक्ट जमा करायचा आठवडा असेल तर स्टेबल.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकलं, वायफाय चालत नाही. मित्र म्हणतो, 'सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) सिडची एक ओळ टाक.' टाकू का?

नको! एका ड्रायव्हरसाठी ती ओळ टाकलीत की नव्या पॅकेजला नवी सी-लायब्ररी लागते, तिच्या मागून आणखी दहा-वीस जणांची वरात येते, आणि तुमचं यंत्र ना स्टेबल राहतं ना सिड. डेबियनवाले याला 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. मीही एकदा केलंय. रात्री एकला व्हिडिओ एडिटर चालू झाला, सकाळी डेस्कटॉप चालू होईना.

यासाठी बॅकपोर्ट्स आहे. तिथे टेस्टिंगमधली निवडक पॅकेजं स्टेबलसाठी पुन्हा बांधून ठेवलेली असतात. मागितल्याशिवाय ती आपणहून येत नाहीत. तिथून नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि वायफायचं फर्मवेअर (वायफायच्या चिपमध्ये चालणारा कोड) घ्या. पाया जुना आणि वरचा एखादाच मजला नवा, एवढी लवचीकता पुरते. फोटो-व्हिडिओचे प्रोग्रॅम नवे हवे असतील तर ते फ्लॅटपॅकने, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेजांना हात न लावता वेगळे, घ्या.

प्रश्न : डेबियनला मालक नाही, मग बदल करायचा की नाही हे ठरवतं कोण?

रोजचं पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक, वाद पेटला तर तांत्रिक समिती, आणि त्याच्याही वर सगळ्या डेव्हलपरांचं मतदान. २०१४ मध्ये यंत्रणा सुरू करण्यासाठी सिस्टमडी घ्यायचं की नाही यावर समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर ते आलं. काहींना पटलं नाही, त्यांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. २०२२ मध्ये वायफायचं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यायचं यावरही मतदान झालं. खुल्या सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झाली, पण माझ्या मते ती घालायलाच हवी होती.

संथपणाची किंमतही त्यांनी मोजली आहे. २००२ च्या 'वुडी' या आवृत्तीनंतर पुढची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला. मधल्या काळात, २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उबुंटू उभी राहिली आणि बरेच लोक तिकडे गेले. 'तयार होईल तेव्हा' हे उत्तर आजही ऐकू येतं, पण आता फ्रीझच्या (नवे बदल थांबवण्याच्या) तारखा आधी जाहीर होतात आणि साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते.

प्रश्न : जुना ३२-बिट संगणक आहे. डेबियन १३ टाकता येईल?

नाही. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद झालेत, १२ वरून अपग्रेडही करू नका. पण आधी टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) चालवून बघा. पुष्कळ जुन्या यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट असतो, फक्त वर ३२-बिट सिस्टिम टाकलेली असते. तसं निघालं तर डेटा काढून घ्या आणि ६४-बिट डेबियन नव्याने टाका.