बागेतली माती धुपते, ताग पेरू का?

प्रश्न : काटोलजवळ उताराच्या जमिनीवर आठ वर्षांची संत्राबाग आहे, अंतर ६ बाय ६ मीटर. पावसात माती वाहून धुऱ्याशी (बांधाशी) साचते. ओळींमध्ये हिरवळीचं खत म्हणून ताग पेरला तर तो झाडांचं खत खाईल का?

उत्तर : नाही. तागाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात. बियाण्याला रायझोबियम (नत्र बांधणारं जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवलं की गाठी चांगल्या धरतात. स्पर्धा होते ती पाण्याची. म्हणून पावसाने लांब ओढ दिली तर कळ्यांची वाट न पाहता ताग कापा.

जमीन पुरती ओली झाल्यावर उताराला आडवा पेरा. खोडापासून दोन्ही बाजूंना दीड मीटर सोडून मधला तीन मीटरचा पट्टाच घ्या. एकरी १० ते १२ किलो बी पुरतं. खोडाला ताग भिडला की तिथे ओल कोंडते आणि डिंक्याला (खोडातून डिंक वाहणाऱ्या रोगाला) आयतं निमंत्रण मिळतं. ही चूक फार बागांत दिसते, आणि ती महागात पडते.

४५-५० दिवसांनी कळ्या दिसताच कापा. बुंध्याकडची काडी वाकवून पाहा : कट्‌कन मोडली तर वेळ बरोबर. सालीचे धागे लोंबत राहिले तर उशीर झाला. असा चिवट ताग सावकाश कुजतो आणि कुजताना जमिनीतलाच नत्र वापरतो.

कापलेला ताग जागीच पसरा. नांगर किंवा रोटाव्हेटर घालू नका, संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. सखल कोपऱ्यात पाणी साचत असेल तर तिथे पाणी सोसणारं दुसरं हिरवळीचं पीक, धैंचा, घ्या. ताग तिथे पिवळा पडून मरतो.