तेरा नंबरच्या डोळ्यात चिखल होता

प्रिय पोरी,

रविवारी रात्री तुझा मेसेज आला, 'सर, जिंकलो! आता मी सेफ खेळते. बरोबर ना?' मी नुसता अंगठा पाठवला. जिंकल्याच्या रात्री कुणाच्या तोंडातला पेढा काढू नये. आज सकाळपासून पाऊस लागलाय, गाड्या रखडल्यात, मी घरीच आहे, तेव्हा नीट उत्तर लिहितो. उत्तर 'नाही' असं आहे. लगेच फुगून बसू नकोस, पुढचं वाच.

रविवारच्या रग्बी मॅचला मी कडेला छत्री धरून तुझ्या किक मोजत होतो. १९ भरल्या. त्यातल्या सात थेट त्यांच्या सगळ्यात मागे उभ्या असलेल्या फुलबॅकच्या छातीवर. ती मुलगी जागची हलली नाही. हात पसरायचे, बॉल पोटाशी घ्यायचा आणि धावत सुटायचं, एवढंच तिला काम होतं. दोन-तीन किक चांगल्या होत्या, हे कबूल. बाकीच्या वेळी तू बॉल हातात आला रे आला की गरम तवा लागल्यासारखी सोडून देत होतीस. आपण जिंकलो ते आपल्या पुढच्या फळीच्या पोरींनी टॅकल करून करून खांदे सोलवटून घेतले म्हणून. तुझ्या सेफ खेळाचा त्यात फार वाटा नव्हता.

हे सगळं कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. त्याच्या आधीच्या मॅचमध्ये आपल्या बावीसमधून, म्हणजे आपल्या रेषेलगतच्या बावीस मीटरच्या पट्ट्यातून, तू तो लांबचा पास टाकलास, मध्येच कापला गेला, त्यांनी आपल्या रेषेपलीकडे पोस्टखाली बॉल टेकवला, ट्राय झाली आणि आपण हरलो. मग ग्रुपवर जे काय झालं ते मी वाचलं. 'हिरोगिरी' हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांना मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तुझं काय चुकलं हे त्या ग्रुपवर एकालाही दिसलं नव्हतं. पास टाकायचा विचार बरोबर होता. उजवीकडे आपल्या चौघी होत्या, त्यांच्या दोघी. फक्त तू बॉल सोडलास त्या क्षणी आपली तेरा नंबर मनगटाने डोळ्यातला चिखल पुसत होती. मी बघितलं. तिला बॉल येतोय हे कळलंच नाही, ती जागच्या जागी उभी राहिली आणि समोरचीने धावत येऊन तो उचलला. तू मोकळी जागा बघितलीस, पण त्या जागेत जाणारं माणूस बघितलं नाहीस.

आंतरराष्ट्रीय रग्बीत हा वाद जुनाच आहे, तुलाही तोंडपाठ असेल. एका बाजूला फिजी, जुना फ्रान्स, न्यूझीलंड, म्हणजे हातात बॉल आणि कुठूनही धाव. दुसऱ्या बाजूला इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, म्हणजे किक, स्क्रम (दोन्ही फळ्यांची वाकून रेटारेटी), लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकून उडी मारून घेणं), पेनल्टी, तीन-तीन गुणांनी घर भरायचं. चहाच्या टपरीवर बोलायला ही विभागणी झकास आहे. मैदानात तिचा उपयोग फार नाही. का, ते सांगतो.

१२ नोव्हेंबर २०२२ची महिला वर्ल्ड कप फायनल तू पाहिली आहेसच, परत एकदा पाहा. ऑकलंडचं ईडन पार्क. इंग्लंडच्या बायका लागोपाठ ३० सामने जिंकून तिथे आलेल्या. त्यांचं हत्यार एकच आणि जगजाहीर: कोपऱ्यात लाइनआउट घ्यायचा, बॉल खाली आणायचा, बॉलवालीभोवती घट्ट घोळका करून मॉल बांधायचा आणि आठ जणींनी मिळून ढकलत न्यायचा. पुढच्या फळीतल्या हुकर एमी कोकेनने त्या दिवशी तीन ट्राय केल्या. दिसायला काही नाही, पण थांबवून दाखव. समोर कोच वेन स्मिथने तयार केलेली ब्लॅक फर्न्स, म्हणजे न्यूझीलंडच्या बायकांची टीम, आपल्या ट्राय रेषेजवळूनही हातांनी खेळणारी. १८व्या मिनिटाला इंग्लंडच्या लिडिया थॉम्पसनला रेड कार्ड मिळालं, तरी हाफटाइमला १४ जणींचं इंग्लंड २६–१९ ने पुढे! शिस्तीच्या खेळाची ताकद यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

आता शेवटची दहा मिनिटं बघ. न्यूझीलंडची विजयी ट्राय कशी आली? थेरेसा फिट्झपॅट्रिकने बचावफळीच्या मागे किक टाकली, स्टेसी फ्लूलरने ती पकडली, पडता पडता ऑफलोड करून बॉल सोबतिणीला दिला आणि आयेशा लेटी-इगा कोपऱ्यात. ३४–३१. म्हणजे 'हातांनी खेळणाऱ्या' संघाची सगळ्यात मोठी ट्राय किकमधून आली. आणि मॅच कशी संपली? वेळ भरलेली, इंग्लंडचा लाइनआउट, ट्राय रेषा पाच मीटरवर, पुन्हा तोच मॉल येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत. बदली आलेल्या जोआना न्गान-वूला वर उचललं गेलं आणि तिने तो थ्रो बिघडवला. खेळ खलास. मुक्त खेळाच्या संघाला कप मिळाला तो लाइनआउटमधल्या एका उडीमुळे. उचलणाऱ्या दोघींचे हात कुठे लागले, पाय कधी सुटला, या असल्या कंटाळवाण्या गोष्टींवर, ज्यांच्या सरावाला तुम्ही पोरी 'सर, आज लाइनआउट नको ना' म्हणता.

उलट बाजूने दक्षिण आफ्रिका घे. पुरुषांच्या २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये त्यांनी क्वार्टर फायनल २९–२८, सेमी फायनल १६–१५ आणि फायनल १२–११ अशी जिंकली. तीन सामने, एकेक गुणाने! फायनलचे बाराच्या बारा गुण हँड्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. त्याआधीची सेमी पॅरिसच्या पावसात झाली, आपल्या जुलैसारखा निसरडा बॉल. इंग्लंडने आकाशात किक मारमारून त्यांना जवळजवळ बाद केलं होतं. शेवटी स्क्रममध्ये पेनल्टी मिळाली आणि पोलार्डने जवळपास ५० मीटरवरून बॉल पोस्टमधून काढला. बघताना झोप येते म्हणणारे म्हणोत. मी खुर्चीच्या काठावर होतो.

पण हाच संघ २०१९च्या फायनलमध्ये कसा खेळला? सहा पेनल्टींचे १८ गुण आधी घरात आले. मग ६६व्या मिनिटाला मापिम्पीने डाव्या कडेने किक मारून बॉल बचावावरून टाकला, लुखान्यो आमने तो उचलला आणि स्वतः पुढे जाण्याऐवजी मान न वळवता पुन्हा मापिम्पीकडे दिला. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेची ती पहिलीच ट्राय. १९९५ आणि २००७चे कप त्यांनी फायनलमध्ये एकही ट्राय न करता जिंकले होते. आम मान वळवत नाही, कारण मापिम्पी कुठे असणार हे त्याला माहीत आहे. तुझ्या पासमध्ये आणि त्याच्या पासमध्ये फरक तेवढाच आहे. तुझा त्याच्यापेक्षा जास्त धाडसी होता असं मुळीच नाही.

मी मूळचा परळचा, हे तुला माहीत आहे. रग्बीचा बॉल बघण्याआधी दहा वर्षं कबड्डी खेळलो. आमच्यात असे चढाईपटू असायचे की आघाडी मिळाली की निदान रेषेला पाय लावून परत, पुन्हा तेच, पुन्हा तेच. नियमात बसायचं. चाळीच्या गॅलरीतून बायका ओरडायच्या, 'अरे शिव तरी कुणाला!' पुढे प्रो कबड्डीने तिसरी चढाई रिकामी गेली तर चढाईपटू बाद, असा नियमच आणला. रग्बीवाल्यांचंही हेच चाललेलं असतं. ट्रायचे गुण १९७१मध्ये तीनाचे चार झाले, १९९२मध्ये चाराचे पाच. २०२१पासून ५०:२२ आला: आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा घेऊन त्यांच्या बावीसमधून बाहेर गेली, तर लाइनआउटचा थ्रो आपलाच. गंमत बघ, किकला बक्षीस दिलं ते धावणाऱ्यांसाठी. कोपरे राखायला त्यांच्या कडेला खेळणाऱ्या विंगर मागे सरकतात, पुढची भिंत विरळ होते, तिथे हातांनी खेळायला जागा मिळते. रविवारी त्यांची डावी विंगर दोनदा पार पुढे चढून आली होती आणि तिच्यामागचा अख्खा कोपरा रिकामा होता. त्या १९ किकमधली एकही तिकडे गेली नाही. तू बघितलंच नाहीस, कारण तुला बॉल कुठे पाठवायचा यापेक्षा तो हातातून जावा याची घाई होती.

आता माझी एक गोष्ट सांगतो, घरीसुद्धा कधी सांगितलेली नाही. एका स्पर्धेची सेमी फायनल, गुडघाभर चिखल, आम्ही दोन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट. त्यांच्या बावीसजवळ बॉल माझ्या हातात आला. डावीकडे आमचे तिघे, त्यांचा एकच. मला तो एकटा स्पष्ट दिसत होता, त्याची जर्सी खांद्यावर फाटलेली होती इतकं स्पष्ट. आणि मी कोपऱ्याकडे किक मारली. बॉल ट्राय रेषेच्या मागे मेला, शिट्टी झाली, आम्ही घरी. सांगायचं म्हणजे, त्यानंतर मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. 'काय करणार, बॉल ओला होता,' म्हणून कोचने पाठ थोपटली. पास टाकून हातून सुटला असता तर वर्षभर ऐकावं लागलं असतं, आणि किक मारताना मला हे माहीत होतं. ती किक मी शिव्या चुकवायला मारली. रविवारी तुझ्या पायात मला ती दिसली, म्हणून हे पत्र.

आपल्या मुंबईला खडूस खेळाचा मोठा अभिमान, आणि मलाही आहे. पण खडूसपणाला हिशेब लागतो. गावसकरांनी १९७५च्या वर्ल्ड कपमध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ समोर ६० षटकं खेळून नाबाद ३६ केल्या, ते खडूस म्हणायचं की काय म्हणायचं यावर आमच्या पिढीने कितीतरी कटिंग संपवले. त्याच गावसकरांनी १९८३मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर ९४ चेंडूंत शतक ठोकलं. असो, क्रिकेट सुरू झालं की मी थांबत नाही.

हिशेब म्हणजे काय ते जपानने दाखवलं. १९ सप्टेंबर २०१५, ब्रायटन. दक्षिण आफ्रिका ३२, जपान २९, वेळ संपत आलेली आणि जपानला पेनल्टी. तीन गुण घेऊन बरोबरी करा, असं कोच एडी जोन्सला हवं होतं. कप्तान मायकल लीचने स्क्रम मागितला. सगळे याला वेडं धाडस म्हणतात. पण समोर पिवळं कार्ड मिळाल्यामुळे एक प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतला गडी, बाहेर बसलेला होता, त्यांचे १४ आणि आपले १५, हे लीच मैदानात उभा राहून मोजत होता. बॉल आधी उजवीकडे गेला, मग अख्खं मैदान ओलांडून डावीकडे, आणि कार्न हेस्केथ कोपऱ्यात. ३४–३२.

आणि हिशेब करूनही फसतंच, तेही ऐकून ठेव. आयर्लंडने २०१८मध्ये पॅरिसला ४१ फेज, म्हणजे टॅकल होऊन पुन्हा बॉल काढण्याच्या ४१ फेऱ्या, बॉल जपला आणि सेक्स्टनच्या ड्रॉप गोलने, म्हणजे टप्पा पाडून मारलेल्या किकने, मॅच काढली. २०२३च्या क्वार्टर फायनलला तसाच जपला, ३७ फेज, आणि शेवटी न्यूझीलंडच्या व्हाइटलॉकने जमिनीवरच्या घोळक्यातून, म्हणजे रकमधून, तो काढून घेतला. खेळ तोच, शिस्त तीच. कापल्या गेलेल्या पासचंही तसंच. २०१९मध्ये इंग्लंड स्कॉटलंडविरुद्ध ३१–० ने पुढे होतं. त्यांच्या फॅरेलचा, म्हणजे सगळ्यात मोजूनमापून खेळणाऱ्या माणसाचा, पास फिन रसेलने कापला आणि मॅच ३८–३८ सुटली. तीही कलकत्ता कपची मॅच, आपल्याकडचे चांदीचे रुपये वितळवून केलेला तो कप. फॅरेलने त्यानंतर पास टाकणं सोडलं नाही.

तेव्हा आता काम. पुढच्या मॅचपर्यंत बॉल येण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या: त्यांच्या दोन्ही विंगर कुठे आहेत, आणि आपली तेरा नंबर तुझ्याकडे बघते आहे का. तिला सांगून ठेव, तयार असेल तर तुझं नाव घेऊन ओरडायचं. आवाज आला नाही तर पास नाही. किक मारायची तर जागेचं नाव मनात घेऊन मारायची, डावा कोपरा, फुलबॅकच्या मागे, काहीही, पण नाव हवं. वारा समुद्राकडून असेल तर उंच किक परत अंगावर येते, तेवढं लक्षात ठेव. कोच ओरडतील. ओरडू देत, मी त्यांच्याशी बोलतो.

रविवारी सकाळी सहाला शिवाजी पार्क, उद्यान गणेशाच्या बाजूला. पाऊस असला तरी. तेरा नंबरला बरोबर आण आणि तिला म्हणावं, केस घट्ट बांधून ये, डोळ्यात येतात. मी एक बादली पाणी आणि जुना बॉल घेऊन येतो. बॉल प्रत्येक पासआधी बादलीत बुडवायचा. शंभर पास झाल्यावर समोरच्या टपरीवर वडापाव, पैसे माझे.

सर