जे पाहिलंच नाही, ते कोर्टात कसं सांगू?

ताई, मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. गेल्या हिवाळ्यात पाण्याच्या वादातून चुलतभावाचं डोकं फुटलं. मी रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी भरत होतो. आरडाओरडा ऐकून धावलो, तोवर तो पडला होता. मारणारा मला दिसला नाही. पण आप्पा म्हणाले, “शेजारच्या पोरानंच मारलं, तू पाह्यलं म्हणून सांग.” मी पोलिसांना तसं सांगून बसलो. खटला जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा आहे. आता साक्षीचं समन्स आलंय. आप्पा म्हणतात, “तू आपला माणूस शे ना?” काय करू?

भाऊ, जे पाहिलं नाही ते ‘पाहिलं’ म्हणू नका. आप्पा काहीही म्हणोत.

त्या पोराने मारलंही असेल. पण ते ठरवायचं कोर्टाने, आणि तुमच्या डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवरून नव्हे. आप्पांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही, की खोटी साक्ष त्यांच्याच केसला बुडवू शकते. आरोपीचा वकील विचारेल: मोटारीपासून बांध किती लांब? चांदणं होतं का? बॅटरी कुणाच्या हातात होती? काठी उजव्या हातात की डाव्या? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तुम्ही अडखळाल, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी भरवसा ठेवणार नाही.

खरं सांगण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे. आवाज कुठून आला, भाऊ कसा पडला होता, रक्त, कोण कोण जमलं, दवाखान्यात कुणी नेलं. तेवढंच सांगा. जखमेचं डॉक्टर सांगतील, आणि मारणारा कोण हे तुमचा भाऊ स्वतः साक्षीदार म्हणून सांगू शकतो.

आता पोलिसांकडच्या जबाबाची भीती. तो शपथेवर नसतो, त्यावर सही घ्यायची नसते. खटल्यात त्याचा वापर मुख्यतः साक्षीदाराच्या बोलण्यातली विसंगती दाखवण्यापुरता होतो. तुम्ही वेगळं बोललात तर सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून उलटतपासणीची परवानगी मागतील. गावात तोंडं वाजतील. पण फितूर ठरलं म्हणजे आपोआप गुन्हेगार ठरलं, असं नाही. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 नुसार कोर्टात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आहे. आणि जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यात कुणाला दोषी ठरवण्यासाठी खोटं बोललात, तर कलम 231 प्रमाणे त्या गुन्ह्याइतकीच शिक्षा तुम्हाला होऊ शकते.

एक मात्र आधी आठवून पाहा: तुमचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर झाला होता का? तो शपथेवरचा असतो, तेव्हा मामला नाजूक होतो. तसं असेल तर तारखेआधी स्वतःचा वकील गाठा. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून खरं काय ते सांगून टाका. आरोपीच्या घरच्यांना मात्र चहालाही भेटू नका, नाहीतर ‘पैसे खाल्ले’ हेच गावभर होईल. कुणी धमकावलं तर त्याच दिवशी कोर्टाला सांगा. 2018 पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

आप्पांशी वाद घालत बसू नका. “जेवढं दिसलं तेवढंच बोलेन” एवढं एकदा सांगा. आणि घरात तंटा नको म्हणून तारीख चुकवायचा विचार असेल तर तो सोडा, वॉरंट घेऊन पोलीस दारात येतील.