गिटार म्हणजे गीत + तार? आणि ती सतारीची कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी गिटार शिकायला जाते, तिथल्या सरांनी सांगितलं की गिटार हा शब्द मुळात आपलाच, गीत आणि तार मिळून झालेला, तो इराणमार्गे स्पेनला गेला आणि इंग्रजांबरोबर परत आला, आणि सतार ही तिची सख्खी बहीण. हे खरं का? आणि दुसरं, 'ती गिटार' बरोबर की 'ते गिटार', कारण घरात आई एक म्हणते आणि मुलगी दुसरं.

पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. शेवटी जो 'तार' ऐकू येतो तो सतारीत खराच आहे, गिटारमध्ये तो नुसता तसा कानाला लागतो. पण एवढ्यावर सोडवत नाही, कारण या शब्दाची खरी हकिगत त्या गीत-तारपेक्षा कितीतरी रंगतदार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सतार. फारसीत 'से' म्हणजे तीन, 'तार' म्हणजे आपली तारच, तर सेतार म्हणजे तीन तारांचं वाद्य. त्याच चालीवर दोतार, पंजतार अशीही नावं आहेत, आणि आपली एकतारी त्याच पंगतीत बसते. आता नावात तीन तारा असल्या तरी आजच्या सतारीला अठरा-वीस तारा असतात, वरच्या वाजवायच्या आणि खाली तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या. मी मिरजेला एका सतारमेकरांच्या दुकानात उभा होतो तेव्हा सहज म्हणून एका सतारीच्या खुंट्या मोजायला लागलो आणि दोनदा चुकलो. शेजारी कडू भोपळे वाळत टांगलेले, मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले. तिथल्या काकांना विचारलं की नावात तीन आणि वाद्यात एवढ्या कशा, तर ते पडदा बांधत होते, मान वर न करता म्हणाले, "नाव लहानपणीचं असतंय हो, वाद्य वाढतंय की." शब्दांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावं असं वाक्य आहे हे, माझ्या तरी डोक्यातून जात नाही. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार बरं वाटलं.)

आता गीत + तार का नाही ते बघा. आपल्याकडचा पुरावा घ्यायचा तर देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात वीणांची अख्खी यादी आहे, एकतंत्री, त्रितंत्रिका, किन्नरी, आलापिनी वगैरे. त्यातली त्रितंत्रिका म्हणजे अर्थाने शब्दशः सेतारच. पण नीट बघा, तिथे तंत्री आहे, तार नाही. जुन्या संगीतशास्त्रात 'तार' म्हणजे उंच सूर, मंद्र-मध्य-तार मधला, म्हणजे त्या काळच्या कोणी गीत आणि तार जोडले असते तर अर्थ काहीतरी वरच्या पट्टीतल्या गाण्याचा झाला असता, वाद्याचा नाही. ही फोड मराठी-हिंदी बोलणाऱ्या माणसालाच सुचू शकते, आणि तीही गिटार इथे येऊन आपल्याला तिचं इंग्रजी नाव माहीत झाल्यावर. दिसायला सुंदर आहे म्हणून ती पसरते, सरांचाही त्यात काही दोष नाही, त्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार.

मग गिटार आली कुठून? मागे मागे जाऊ. इंग्रजीत ती आली स्पॅनिश 'गितार्रा'वरून, थोडी फ्रेंचच्या वळणाने. स्पॅनिशमध्ये आली अरबी 'क़ीथारा'वरून, कारण ७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुसलमान फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि त्यानंतर काही शतकं तिथे अरबी ही दरबाराची, विद्येची आणि गाण्याबजावण्याची भाषा होती. अरबीत तो शब्द आला आरामीतून, म्हणजे पश्चिम आशियातल्या एका जुन्या भाषेतून, आणि आरामीत ग्रीक 'किथारा'वरून. स्पॅनिश अकादमीच्या कोशात हीच साखळी दिलेली आहे. ग्रीकांकडे होमरच्या काव्यातच 'किथारिस' येतो, म्हणजे शब्द अडीच हजार वर्षांहून जुना. क चा ग होणं यात नवल नाही, अरबीतल्या त्या घशातून काढायच्या क़ चा उच्चार कितीतरी बोलींमध्ये ग सारखाच करतात.

इथे एक घोटाळा होतो आणि मला वाटतं 'सतारवरून गिटार' या समजुतीचं मूळ तिथेच आहे. तोच ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तो रोमन लिपीत सी या अक्षराने लिहितात. इंग्रजी शिकलेला आपला माणूस ते 'सिथारा' असं वाचतो आणि लगेच म्हणतो अरे ही तर सतार! पण जुन्या लॅटिनमध्ये त्या अक्षराचा उच्चार क होता, 'किथारा' असाच. इटालियन लोक आजही गिटारला 'कितार्रा' म्हणतात, त्यांच्या तोंडी तो क अजून शाबूत आहे. (इटलीतल्या आब्रुत्झो भागात लाकडी चौकटीवर तारा ताणून त्यावर पिठाची पोळी दाबून शेवया कापतात, त्या चौकटीलाही कितार्राच म्हणतात. शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला म्हणजे तो त्या भाषेत मुरला असं मी समजतो.) आणि उच्चार बाजूला ठेवला तरी ग्रीक किथाराला साधारण सात तारा असायच्या, तीन नव्हे.

आता खरी गोम. किथारा हे वाद्य गिटारसारखं नव्हतंच! खाली एक लाकडी पेटी, त्यातून वर निघालेले दोन हात, वर आडवी पट्टी, आणि पेटीपासून पट्टीपर्यंत ताणलेल्या तारा. दांडी नाही, पडदे नाहीत. म्हणजे तार दाबून सूर बदलायचा ही गिटारची जी मुख्य गोष्ट तीच तिथे नाही, दर सुराला वेगळी तार. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत ते छातीशी उभं धरलेलं दिसतं. उलट ज्याला आपण बघताक्षणी गिटार म्हणू असं दांडीचं, कमरेत आत गेलेलं, पडद्यांचं वाद्य तुर्कस्तानात अलाजा ह्यूयुक इथल्या हित्ती काळातल्या दगडी कोरीवकामात आहे, इसवी सनापूर्वी १४व्या शतकाच्या आसपासचं. त्याचा किथारा या नावाशी काही संबंध नाही. म्हणजे नाव एका घराण्याचं आणि देह दुसऱ्या घराण्याचा.

हे ऐकून विचित्र वाटत असेल तर आपल्या वीणेकडे बघा. समुद्रगुप्ताचं सोन्याचं नाणं आहे, राजा मंचकावर बसून वीणा वाजवतोय, आणि ती वीणा धनुष्याच्या आकाराची आहे, आजच्या सरस्वतीच्या हातातल्या वीणेसारखी अजिबात नाही. तसलं धनुष्याकृती वाद्य ब्रह्मदेशात आजही वाजवतात. आपल्याकडे ते वाद्य गेलं, नाव राहिलं, आणि ते नाव दांडीच्या वाद्याला चिकटलं. किथाराचं अगदी हेच झालं. जुन्या मानाच्या वाद्याचं नाव नव्या वाद्याला द्यायचं ही माणसांची खोडच आहे, म्हणून वाद्याच्या नावाची व्युत्पत्ती सापडली की वाद्याचं मूळ सापडलं असं कधीच धरू नका. मला या सगळ्या चर्चेत सांगायचंय ते एवढंच.

स्पेनमध्ये गेल्यावर तर नाव आणि वाद्य यांची आणखी गुंतागुंत झाली. १४व्या शतकातल्या एका स्पॅनिश काव्यात 'गितार्रा मोरिस्का' आणि 'गितार्रा लातिना' अशा दोन गिटारी येतात, म्हणजे एक मूरांची, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांची, आणि एक लॅटिन, एवढ्यावरूनच दिसतं की एका नावाखाली दोन वाद्यं नांदत होती. पुढे १६व्या शतकात स्पेनच्या मानकऱ्यांच्या घरात विहुएला नावाचं वाद्य मानाचं होतं, सहा जोड-तारांचं, आकाराने गिटारसारखंच. गिटार मात्र छोटी, चारच जोड्यांची. १५४६ साली आलोन्सो मुदार्रा याने सेव्हियात विहुएलाच्या रचनांचं पुस्तक छापलं, त्यात थोड्या रचना या चार जोड्यांच्या गिटारसाठी दिल्या, गिटारसाठी छापलेलं सगळ्यात जुनं संगीत ते. मग पाचवी जोडी आली, गिटार लोकांच्या हातात गेली, आणि विहुएला मागे पडली.

या बदलाचा साक्षीदार कोण, तर एक कोशकार! सेबास्तियान दे कोवार्रुबियास. याचा स्पॅनिश भाषेचा कोश १६११ साली आला आणि त्यात विहुएलाची नोंद लिहिता लिहिता तो चक्क चिडलाय. म्हणतो की गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे उरले नाहीत, केवढं नुकसान, आणि गिटार म्हणजे काय तर गुराच्या गळ्यातली घंटा, इतकी सोपी की घोड्यांची निगा राखणारा प्रत्येक पोऱ्या आता वादक झालाय. कोशात! मला हा माणूस फार आवडतो. शब्दाचा अर्थ देताना त्याला राहवलं नाही आणि त्यामुळे चारशे वर्षांनी आपल्याला कळतं की गिटार तेव्हा तबेल्यापर्यंत पोचली होती आणि ती तारा छेडण्यापेक्षा खसाखसा ओढून वाजवत होते.

पुढचं पटकन. १८व्या शतकाच्या शेवटी जोड्या जाऊन सहा सुट्या तारा आल्या. १९व्या शतकात आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोर्रेसने अंग मोठं केलं आणि वरच्या फळीला आतून पंख्यासारख्या काड्या लावल्या, आजची क्लासिकल गिटार ती हीच. फळीच महत्त्वाची हे सिद्ध करायला त्याने १८६२ साली पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या केलेली एक गिटार बनवली, ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. आणि तारा म्हणाल तर त्या मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे ज्याला आपण तात म्हणतो, सारंगीला असते ती. नायलॉन आलं दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण युद्धात तात जखमा शिवायला लागत होती. पोलादी तारा आणि वीज हे अमेरिकेतलं प्रकरण, तारा आधी आल्या आणि वीज १९३०च्या आसपास, त्यात आत्ता शिरत नाही.

एक गोव्याकडची गोष्ट मात्र सांगतो, कारण पोर्तुगीज शिकताना मी स्वतः फसलो होतो. पोर्तुगीजांच्या तोंडी 'गितार्रा' म्हटलं की बहुतेक वेळा वेगळंच वाद्य डोळ्यापुढे येतं, पेअरच्या आकाराचं, बारा तारांचं, फादो नावाच्या पोर्तुगीज गाण्याच्या साथीचं, गोव्यातही फादो गाणारे आहेत त्यांच्या साथीला ते दिसेल. आणि आपल्या नेहमीच्या गिटारला ते 'व्हियोला' किंवा 'व्हियोलांव' म्हणतात. म्हणून आपल्या 'गिटार'चा ट बघून मी तरी म्हणेन की हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून नाही, इंग्रजीतूनच आलाय. पोर्तुगीजांकडून आलेल्या तुरुंग, मेस्त्री यांत त टिकलाय. (बटाटा आहे म्हणा, त्याने हा नियम मोडलाय, त्यामुळे नुसत्या ट वर पैज लावू नका, पण वाद्याच्या नावाचा पुरावा जोडून धरला तर बाजू भक्कम होते.)

आता दुसरा प्रश्न, ती की ते. मराठीत दोन्ही कानावर येतं, 'गिटार वाजवली' आणि 'गिटार वाजवलं'. 'ते' म्हणणारे मनात 'वाद्य' धरतात. हिंदीत सितार आणि गिटार दोन्ही पुल्लिंगी, तो ओढा टीव्हीमुळे थोडा येतो. पण मराठीने सतारीला केव्हाच स्त्रीलिंगी करून टाकलंय आणि गिटार तिच्याच यमकाची, शिवाय वीणा, सारंगी, सनई अशा सगळ्या बायकाच, तेव्हा माझं मत आईच्या बाजूने असो की मुलीच्या, 'ती गिटार'.

यात एक बारीक गोष्ट आहे ती बघाच. तार, अनेकवचन तारा, तारेवर. पण सतार, अनेकवचन सतारी, सतारीवर. 'सतारा' किंवा 'सतारेवर' कोणी म्हणत नाही. म्हणजे सतारीच्या पोटात तार आहे हे फारसीला माहीत होतं, मराठी ते विसरली आणि तिने अख्खा शब्द तलवार-तलवारी सारखा चालवला. आणि गिटार? तिथे अजून 'गिटारवर' आणि 'दोन गिटार' जास्त ऐकू येतं, शब्द अजून पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसलाय. पण परवा एका दुरुस्तीच्या दुकानात कामाचा पोरगा मालकाला ओरडून सांगत होता, "त्या दोन गिटारींच्या खुंट्या बदलायच्यात, अन् एकीची घोडी निघालीय." ट्युनिंग पेग नाही, ब्रिज नाही, खुंट्या आणि घोडी, आणि गिटारींच्या.