इंधन संपलेला उपग्रह पुन्हा कामाला लागतो का?

प्रश्न : इंधन संपलं की उपग्रह बाद होतो, असं वाचलं. एवढं महागडं यंत्र तेवढ्यासाठी टाकून द्यायचं? वर जाऊन इंधन भरता येत नाही का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची हळहळ मला अगदी पटते. उपग्रहांशी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी भूकेंद्रात मी नोकरी केली. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचे दळणवळण उपग्रह हे आमचं रोजचं काम, त्यामुळे धडधाकट उपग्रह निवृत्त होताना जीव तुटायचा.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. सूर्य-चंद्राच्या ओढीनं त्याची कक्षा कलत जाते आणि ती सरळ ठेवण्यातच बरंचसं इंधन खर्ची पडतं. शेवटच्या उरल्यासुरल्या इंधनावर त्याला सुमारे 300 किलोमीटर आणखी वर, चालू उपग्रहांच्या वाटेतून बाजूला नेऊन सोडतात. ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश झेलून परत पाठवणारी यंत्रं, मात्र ठणठणीत असतात!

2001 साली सोडलेला इंटेलसॅट-901 असाच वर गेला होता. 25 फेब्रुवारी 2020 रोजी नॉर्थरॉप ग्रुमन या अमेरिकी कंपनीचं एमईव्ही-1 हे उपग्रहांचं आयुष्य वाढवणारं यान त्याला जाऊन जोडलं गेलं. खरी अडचण होती धरायचं कुठे ही. या उपग्रहाला ना मूठ, ना कडी. कुणी पकडायला येईल असं बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. मग अभियंत्यांनी त्याच्या मुख्य इंजिनाचं नोझल, म्हणजे वायू बाहेर फेकणारं नळकांडं, हेरलं. त्याच्या अरुंद गळ्यातून दांडा आत सारायचा, आत गेल्यावर त्याचं टोक फाकवायचं आणि मग ओढून घट्ट बसायचं. केवढी सुंदर युक्ती! इंधन भरलंच नाही. यानच स्वतःच्या इंजिनांनी उपग्रहाला सांभाळू लागलं. एप्रिल 2020 मध्ये तो पुन्हा सेवेत आला. पाच वर्षांनी त्याला परत वर ठेवून एमईव्ही-1 पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघालं.

कक्षेत इंधन भरणंही अशक्य नाही. 2007 मध्ये अमेरिकेच्या ऑर्बिटल एक्स्प्रेस मोहिमेनं ते करून दाखवलं, पण ती दोन्ही यानं मुळात त्यासाठीच घडवलेली होती. अंतराळात यानं जोडून पाहण्याच्या आपल्या इस्रोच्या स्पेडेक्स प्रयोगाचंही तसंच. सुमारे 220 किलोंचे दोन उपग्रह 16 जानेवारी 2025 रोजी जोडले गेले, तेही एकमेकांसाठीच बनवलेले.

म्हणूनच माझं आग्रहाचं म्हणणं आहे की आपल्या नव्या जीसॅट या दळणवळण उपग्रहांना पकडीची जागा आणि इंधन भरायचं तोंड जमिनीवर असतानाच बसवावं. भरायला जाणारं यान आज आपल्याकडे नसलं तरीही.